नक्कल आणि नाममुद्रा

आमच्या रबाळे गावात पूर्वी दिवाळीच्या दिवसांत फराळाची ताटे या घरून त्या घरी जात. ताटावर नाव नसे की चिठ्ठी नसे. पण गावातच दिलेली माझी आत्या आमच्याकडे आली, म्हणजे ताटातली करंजी उचलून तिची मुरड पाही आणि ती कोणाच्या हातची ते बिनचूक सांगे. कोणाची मुरड बारीक, कोणाची सैल. कोणी मुरडीचा खटाटोपच न करता कातण्याने कड कापून मोकळी होई. ‘ज्याची त्याची मुरड असते,’ असे ती म्हणे. आम्हा पोरांचे लक्ष मुरडीपेक्षा आतल्या सारणाकडे असे, त्यामुळे ते वाक्य कानावरून गेले. पुढे माझी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. लोकांची नावे लेखांखाली नीट छापली गेली की नाहीत हे पाहण्याचेच पैसे मला मिळत. आणि तरीही आत्याच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो दोन वर्षांपूर्वी, हातातल्या फोनवर आलेला एक मजकूर वाचताना.

रबाळे म्हटले की आज बहुतेकांना कारखानेच आठवतात. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मध्ये भातशेती असे हे आगरी-कोळ्यांचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली. २००४ साली ठाण्याहून वाशीला लोकल धावू लागली आणि आमच्या गावाच्या नावाचे स्टेशन झाले. अलीकडे रबाळे, ऐरोली, महापे या पट्ट्यात आणखी एका तऱ्हेच्या इमारती उठल्या आहेत. त्यांच्या आत माणसे थोडी आणि यंत्रे फार. दुनियेचा लिहिलेला, बोललेला, चित्रात धरलेला माल तिथे साठवून ठेवतात. जिथे भाताच्या कणग्या होत्या तिथे शब्दांच्या कणग्या आल्या. माझा पुतण्या अशाच एका कणगीवर राखणीला आहे. राखण संगणकाची, एवढाच फरक.

आत्या आमच्या गावची धवलारीण होती. आगरी समाजात पूर्वी लग्नाचे विधी धवलारीण चालवी. हळद, मांडव, तेल, पाठवणी, प्रत्येक वेळचे गाणे वेगळे, आणि ती सारी तिला तोंडपाठ. या गाण्यांना धवले म्हणतात. तेराव्या शतकात महदाइसेने रुक्मिणीच्या स्वयंवरावर जे ‘धवळे’ रचले, आणि ज्यामुळे तिला मराठीची पहिली कवयित्री मानतात, त्या नावाशी आमच्या मांडवातल्या गाण्यांचे नाव जुळते. १९८७ च्या उन्हाळ्यात मी वही घेऊन आत्यापाशी बसलो आणि तिची गाणी लिहून घेतली. त्यांवर एक लेख केला आणि तो एका छोट्या स्मरणिकेत छापून आला. पुढे पुतण्याने तो आपल्या कुटुंबाच्या संकेतस्थळावर चढवला.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत मला फोनवर जो मजकूर आला तो हाच लेख होता. शब्दन् शब्द तोच. खाली मात्र माझ्या नावाच्या जागी दुसऱ्याच एका गृहस्थाचे नाव होते. नाव वाचून मी क्षणभर घोटाळ्यात पडलो. वाटले, विषय सारखा असेल, माणसाने स्वतंत्रपणे लिहिले असेल. पण तिसऱ्या गाण्यापाशी आलो आणि खात्री पटली. त्या गाण्यात मांडवाला उंबराची डहाळी लावल्याचे वर्णन आहे. मी लिहून घेताना चुकीचे ऐकले होते आणि ‘उंबर’ऐवजी ‘अंबर’ लिहिले होते. स्मरणिका छापून आल्यावर मी लेख आत्याला वाचून दाखवला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती: ‘अंबर नाय रं, उंबर! मांडवाला आभाल बांदशील काय?’ दुसऱ्याची मुद्रिते तपासणाऱ्याने स्वतःच्या लेखात केलेली ती घोडचूक. मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने दुरुस्ती केली, आणि संकेतस्थळावरही ती पुढे करून घेतली. पण फोनवर आलेल्या मजकुरात आत्याच्या मांडवाला अजून आभाळच बांधलेले होते. ज्याने कोणी मजकूर उचलला, त्याने तो दुरुस्तीच्या आधी उचलला होता, आणि माझ्या शब्दांबरोबर माझी चूकही आपल्या नावावर करून घेतली होती.

मला राग आला हे कबूल करतो. पण रागाच्या खाली एक निराळीच काळजी होती, आणि ती हळूहळू वर आली. तो मजकूर आता किती जणांकडे असेल? त्यांतल्या एखाद्या मुलीने आपल्या भावाच्या लग्नात ‘अंबर’ म्हणूनच गायले तर तिला कोण सांगणार? ज्याचे नाव खाली होते त्याला उंबर ठाऊक नव्हता, आणि ज्याला ठाऊक होता त्याचे नाव खाली नव्हते. चुकीपासून दुरुस्तीपर्यंत जाणारी पायवाटच मोडली होती.

हे दुखणे नवे नाही. छापखाना आपल्याकडे येण्यापूर्वी ग्रंथ मिळवायचा म्हणजे तो लिहून काढायचा. वाचणे आणि नक्कल करणे यांत फारसे अंतर नव्हते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा आपले मनोगत घालत असे: जसे समोर दिसले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये, पोथीला तेलापाण्यापासून जपावे, सैल बांधू नये, मूर्खाच्या हाती देऊ नये. कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणासाठी लिहिले हेही पुष्कळदा असे. त्या चार ओळींमुळे आज संशोधकाला एका पोथीवरून तिच्या आईपोथीपर्यंत जाता येते.

आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच या बाबतीत कमालीची दक्षता घेणारा एक माणूस होऊन गेला. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा केल्या, तेच ‘लीळाचरित्र’. जो प्रसंग ज्याने पाहिला त्याच्याकडे जाऊन तो ऐकावा आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावा, अशी त्याची रीत. पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे पाठांत फरक पडले. पण हे फरक त्या मंडळींनी लपवले नाहीत. कोणता पाठ कोणाचा याची नोंद राहिली, आणि हिराइसेसारख्या स्त्रीचे नाव एका पाठाला कायमचे जोडले गेले. सातशे वर्षांपूर्वी डोंगररानांतून हिंडणाऱ्या या माणसांना सांगणाऱ्याचे नाव हे सांगितलेल्या गोष्टीचाच भाग वाटे.

ज्ञानेश्वरीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ती नेवाशाला पूर्ण झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शक, गाव, लेखक यांची नोंद ग्रंथाच्या अखेरीसच आहे. तरीही पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवर नकला होत तिच्यात इतके पाठभेद शिरले की पैठणच्या एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, निरनिराळ्या प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. नाथांनी काम केले आणि शेवटी दोन गोष्टी नमूद केल्या. एक, आपण काय केले व कोणत्या वर्षी केले. दुसरी, पुढच्यांना इशारा: या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजावे. स्वतः उत्तम कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची एकही ओवी घातली नाही, हे मला नाथांच्या अनेक मोठेपणांपैकी एक मोठेपण वाटते.

पण या साऱ्या नोंदी ग्रंथाच्या शेवटी येणार. नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाला शेवट असतो, चार ओळींच्या अभंगाला तो कुठे ठेवावा? अभंग वाटेवर म्हणायचा, जात्यावर म्हणायचा. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जायचा. त्याला वेगळी चिठ्ठी जोडली तर पहिल्याच वळणावर ती गळून पडणार. यावर संतांनी काढलेली युक्ती इतकी साधी आहे की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. त्यांनी नाव शेवटच्या चरणातच ओवले. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘सावता म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘तुका म्हणे’. हीच नाममुद्रा. नाव काढावे तर छंद लंगडा होतो आणि म्हणणारा अडखळतो. आत्याच्या भाषेत सांगायचे तर ही करंजीची मुरड झाली. मुरड उलगडली तर सारण सांडते.

यात आणखी एक गंमत आहे. यांतल्या कित्येकांनी लेखणी हातीही धरली नसेल, पण नावे त्यांचीच राहिली. जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच दिली आहे. सावत्याचे काशिबा गुरवाने लिहिले, चोख्याचे अनंतभटाने, आणि जनीचे खुद्द पांडुरंगाने! भाविकाने यात भक्ती पाहावी. माझ्यासारख्या छापखान्यातल्या माणसाला यात व्यवहाराची सचोटीही दिसते. लिहून घेणारा मोठ्या कुळातला असो वा प्रत्यक्ष देव असो, मुद्रा बोलणाऱ्याची.

एवढी मजबूत शिवण, तरी ती उसवणारे निघालेच. देहूचा सालोमालो सर्वांना ठाऊक आहे तो बहुधा प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या दामले-फत्तेलालांच्या बोलपटामुळे. पण तो पटकथेतला कल्पित खलपुरुष नव्हे. खुद्द तुकोबांच्या गाथेत त्याच्याबद्दलचे अभंग आहेत. हरिदास म्हणवतो आणि संतांची वचने मोडून स्वतःचे दागिने घडवतो, दुसऱ्याचे ते आपले म्हणतो, अशी तुकोबांची तक्रार आहे. ‘तुका’च्या जागी दुसरे नाव बसवणे त्याला जड गेले नसावे, मात्रांचा जमाखर्च कीर्तनकाराला अवगत असतोच. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी देवापाशी धरणे धरून बसणारा, धनाला मातीसमान मानणारा हा पुरुष शब्दांच्या चोरीने दुखावला. कीर्तीची हाव म्हणावी तर ती त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. मला वाटते त्यांना दुःख झाले ते मोडतोडीचे. वचन ज्याने अनुभवले त्याच्यापासून ते तोडले, की ते पोकळ होते आणि कसेही वाकवता येते.

चोरीची उलटी तऱ्हाही होतीच. दुसऱ्याचे आपल्या नावावर घेण्याऐवजी आपले दुसऱ्याच्या नावावर खपवणे. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथली हस्तलिखिते ताडून पाहिली आणि सरकारी मदतीने तुकोबांची गाथा संपादित केली. १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तिचा पहिला भाग निघाला. तिच्यात अभंग भरले साडेचार हजारांवर. तुकाराम तात्यांनी पुढे छापलेल्या गाथेत ते आठ हजारांच्या पुढे गेले. मुद्रा सगळ्यांखाली तीच. नामदेवांच्या गाथेत तर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना अशी मिसळून गेली की अभ्यासक अजून ती निवडत बसले आहेत. म्हणजे मुद्रा ही खूण आहे, पुरावा नव्हे. आजही पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेले विनोद त्यांच्या नावाने घरोघर फिरतात, तो याच जुन्या खोडीचा नवा अवतार.

राजदरबारात एवढ्यावर भागत नसे. पत्र जिथे संपले तिथे रिकाम्या जागेत कोणी नंतर दोन ओळी वाढवू नयेत म्हणून मराठी राज्यात पत्राच्या आरंभी मुख्य शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. येथे मर्यादा झाली, याच्यापुढचे आमचे नव्हे, असा त्या मोर्तबाचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो तो तिथून आलेला. अभंगाची मुद्रा हे गरिबाघरचे शिक्कामोर्तबच.

छपाई आली आणि नाव लेखाखाली खिळ्यांनी पक्के बसले. कायदाही आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५७ वे कलम मोठे मनोज्ञ आहे. लेखकाने आपले सर्व हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा हक्क त्याच्यापाशीच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला. आणि कर्त्याची, मालकाची ओळख देणारी जी माहिती कृतीला जोडलेली असते, ती जाणूनबुजून, अधिकार नसता काढणाऱ्याला किंवा बदलणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला. नाथांची करवंटी अशी कलमात आली.

पण कायदा होईपर्यंत नक्कल करण्याची रीतच पालटली होती. आमच्या छापखान्यात मजकूर इकडचा तिकडे करायचा तर कात्रीने कापून खळीने चिकटवायचा. हाताला खळ लागे, कागदाला सुरकुती पडे, जोड दिसे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्याच्या सोबत्याने ही कात्री आणि ही खळ संगणकात आणली. मजकूर निवडायचा, उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. टेस्लर २०२० साली वारला. त्याची युक्ती आज पाटीवर मुळाक्षरे गिरवणाऱ्या वयाचे पोरही वापरते, पण त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? नक्कल सोपी करणाऱ्याचेच नाव नकलेतून गळावे, हा न्याय मोठा विचित्र.

हाताने लिहून काढणारा निदान वाचत तरी असे. बोटाच्या एका ओढीत पान उचलणाऱ्याला वाचावेही लागत नाही. नाव लेखाच्या माथ्यावर असते, आणि तो मधलाच परिच्छेद उचलतो. नाव मागे राहते. पुतण्याला मी हे बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, यावर उपाय आहे. नाव मजकुराच्या मागोमाग धाडता येते.’ आणि एका रविवारी चहाचा पेला बाजूला ठेवून त्याने मला तो करून दाखवला.

संकेतस्थळाच्या पानामागे सूचनांची एक भाषा काम करते, तिचे नाव जावास्क्रिप्ट. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या माणसाने तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. तिचे मूळ नाव मोका. मग लाइव्हस्क्रिप्ट झाले. आणि त्या वेळी ‘जावा’ नावाच्या एका वेगळ्याच भाषेचा बोलबाला होता म्हणून वर्षअखेर तिचे नाव जावास्क्रिप्ट ठेवले. नावे जोडण्याच्या कामी जिला आम्ही लावले, ती स्वतःच दुसरीच्या नावाची शाल पांघरून बसलेली!

तिचे काम असे. वाचकाने मजकुरावरून बोट ओढले आणि ‘कॉपी’ म्हटले की ब्राउझर ही वर्दी पानावरच्या सूचनांना देतो. नेहमी निवडलेला मजकूर मुकाट्याने क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या ओट्यात, जाऊन पडतो. इथे मात्र सूचना मध्ये उभी राहते. ती नेहमीची वाट अडवते, निवडलेला मजकूर हाती घेते, त्याच्या शेवटी लेखाचे नाव, लेखकाचे नाव व पानाचा पत्ता यांची ओळ जोडते, आणि मग तो ऐवज ओट्यात टाकते. वाचकाला काही कळत नाही. तो दुसरीकडे मजकूर उतरवतो तेव्हा मुद्रेसकट उतरतो. ही सोय ब्राउझरमध्ये नव्हती त्या काळी पडद्याच्या बाहेर, न दिसणाऱ्या जागी, मजकुराची दुसरी प्रत क्षणभर मांडून तीच उचलायला लावीत. साऱ्या सूचना मिळून दहा-बारा ओळींच्या. अभंगाहून थोड्या लांब.

२०१० च्या सुमारास कॅनडातील टिंट नावाच्या कंपनीने हीच सोय अनेक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना दिली होती. पुष्कळ वाचक त्यावर चिडले, आणि त्यांचेही चूक नव्हते. एखाद्याला शब्दकोशात पाहायला एकच शब्द उचलायचा असतो, आजीसाठी अनारशाच्या पिठाचे प्रमाण लिहून घ्यायचे असते. त्याच्या मागे न मागता पत्त्याची शेपटी लागली तर तो वैतागणारच. शिवाय कोणी काय उचलले याची मोजदादही ती कंपनी ठेवी. पुतण्याने म्हणून आमच्या पानावर नियम घातला की वीस शब्दांपेक्षा कमी उचलले तर ओळ जोडायची नाही, आणि हिशेब कोणाचाच ठेवायचा नाही. ओट्यात घातलेल्या चार दाण्यांवर कोणी मोर्तब करीत नाही.

मी त्याला विचारले, ‘आणि कोणी ती ओळ पुसली तर?’ तो हसला. पुसता येतेच. जावास्क्रिप्ट बंद ठेवता येते, पानाचे छायाचित्र काढता येते, हाताने टंकताही येते. व्हॉट्सॲपने २०१८ सालापासून पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी लावली. पण ती एवढेच सांगते की हे धाडणाऱ्याचे स्वतःचे नव्हे. मग कोणाचे, ते ती सांगत नाही. आमची ओळ ते सांगते, पण तिची गाठ सैल आहे. संतांनी नाव कापडात विणले होते. आम्ही ते सुताने बांधलेल्या कागदासारखे लोंबत सोडले. विणलेले नाव काढायला सालोमालोइतके कसब तरी लागे. हे काढायला कसबही लागत नाही, नुसती इच्छा लागते.

तरीही ती ओळ असावी, असे माझे मत झाले. बहुतेक माणसे चोर नसतात, ती घाईत असतात. त्यांच्या हातून नाव गळते ते दुष्टाव्याने नव्हे, आळसाने. अशा माणसाच्या मजकुरामागे नाव आपोआप गेले, तर पुसण्यासाठी त्याला क्षणभर थांबून ठरवावे लागेल, की हे मी पुसतो आहे. त्या क्षणात पुष्कळांचे बोट मागे येईल. म्हाइंभट घ्या, नाथ घ्या की मोर्तब करणारा कारकून घ्या, या सर्वांच्या युक्त्यांचे काम इतकेच होते: पुढच्या हाताला एकवार थांबवणे.

पुतण्याने सूचना लिहून तयार केल्या आणि शेवटची जागा मोकळी ठेवून माझ्याकडे पाहिले. ‘काका, नाव कोणाचे लावू?’

प्रश्न सरळ होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कपाटातून ती जुनी स्मरणिका काढली. लेखाच्या माथ्यावर ठळक खिळ्यांत माझे नाव होते. ते खिळे मीच निवडून घेतले होते. आणि ज्या बाईने दोन महिने भाताच्या कामातून वेळ काढून, घसा बसेपर्यंत गाऊन मला ती गाणी दिली, तिच्याबद्दल पहिल्या परिच्छेदात मी लिहिले होते: ‘गावातील एका वृद्ध धवलारणीकडून.’ नाव नाही, गाव नाही. सख्ख्या आत्याला मी ‘एक वृद्ध धवलारीण’ केले होते. का केले? त्या काळी असेच लिहीत, हे एक उत्तर. खरे उत्तर असे, की तेव्हा मला ते नाव मजकुराचा भाग वाटलेच नाही. फोनवरच्या त्या गृहस्थाने माझ्याशी जे केले ते मी छत्तीस-सदतीस वर्षे आधी तिच्याशी करून बसलो होतो, आणि तेही घरातल्या घरात. माझा तेवढा राग कुठल्या कुठे गेला.

आत्याला विचारले असते तर ती नावाला नाहीच म्हणाली असती. वही घेऊन बसलो होतो तेव्हाच ती एकदा म्हणाली होती, ‘ही गानी माजी नाय, माजे सासूची.’ वहीच्या कोपऱ्यात मी ते टिपूनही ठेवले होते, आणि कोणत्या गाण्याला सासू, कोणत्याला तिच्या माहेरची म्हातारी, तेही तिने सांगितल्यासारखे अर्धेमुर्धे टिपले होते. म्हणजे म्हाइंभटाची रीत ती अक्षरशत्रू बाई पाळत होती. शिकलेल्या मुद्रितशोधकाने ती छापताना गाळली.

आता आमच्या पानावरून कोणी धवले उचलले तर त्यांच्यामागे जी ओळ जाते तिच्यात पहिले नाव गाणारीचे आहे, मग ती ज्यांच्याकडून शिकली त्यांचे, मग गावाचे, आणि सर्वांत शेवटी, ‘लिहून घेणारा’ म्हणून माझे. त्यानंतर पानाचा पत्ता आहे. तो या सगळ्यांत मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘उंबर की अंबर’ अशी शंका कोणाला आली तर त्याला तिथपर्यंत परत येता येईल. आत्याच्या लेकींना मी ती ओळ वाचून दाखवली. थोरलीने आईचे नाव पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि मग काही न बोलता फराळाचे ताट पुढे केले.

या लेखात आत्याचे नाव मी लिहिलेले नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. तिच्या गाण्याची एकही ओळ मी इथे दिलेली नाही, म्हणून तिचे नावही दिलेले नाही. तिचे नाव तिच्या गाण्यांबरोबर जाईल. माझ्या निबंधाला शोभा आणण्यासाठी ते वापरले, तर सालोमालोच्या दागिन्यांत आणि माझ्यात फरक तो काय उरला?

त्या दिवशी ताटातल्या करंज्यांची मुरड मी पहिल्यांदाच नीट पाहिली. बारीक, एकसारखी, शेवटी किंचित आत वळवलेली. आत्याची होती ती. लेकीने हुबेहूब उचलली होती, आणि आईचे नाव मात्र तिने मागे राहू दिले नव्हते.